सुरतेहून आलेला प्रश्न



आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुरतेस नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. नाताळासाठी मित्रांच्या संगतीने खोलीवरच बिअर करून पाहावी असा त्याचा बेत आहे. परंतु तेथील नळाच्या पाण्यास औषधासारखा दर्प येतो, तेव्हा ते पाणी बिअरजोगे कसे करावे, अशी त्याची पृच्छा आहे. त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण त्याच्या मातोश्री हे साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

प्रश्न मात्र मार्मिक आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू, म्हणून तेथे फिकट सोनेरी बिअर निपजली. इंग्लंडातील बर्टनच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ, तेथील कडवट बिअर त्यामुळेच गाजली. डब्लिनच्या चुनखडीच्या पाण्यास काळी बिअर मानवली. बेल्जियममधील वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठात आजही बिअर तयार होते, आणि रोमन विधिग्रंथात तिला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. तेव्हा या पेयाच्या नुसत्या नावाने आम्ही कानांवर हात ठेवू, अशी त्या तरुणाची अपेक्षा असल्यास ती व्यर्थ होय.

तो दर्प क्लोरीनचा. सुरतेस पाणी येते ते तापी नदीचे. ते शुद्ध करून व त्यात क्लोरीन मिसळून नळांत सोडतात. आपल्या गावी ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतो, तेव्हा हाच वास येतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. त्याच्या टरफलांतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की बिअरला इस्पितळातील मलमपट्टीसारखी चव येते, आणि ती अत्यल्प प्रमाणातही जिभेला कळते. क्लोरीनने खमीर मरते असे पुष्कळांस वाटते. नळातील एवढ्याशा मात्रेने ते सहसा मरत नाही, बिघडते ती चव.

उपाय सोपा आहे. रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी रात्रभर उघडे ठेवावे, किंवा पाव तास खळखळ उकळावे. मात्र हे माल्ट भिजवण्यापूर्वी केले पाहिजे. मागाहून उकळून काही साधत नाही. उकळल्याने पाण्यातील चुन्याचा काही अंश तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. काही शहरांत क्लोरीनबरोबर अमोनियाही घालतात. त्यापासून होणारे क्लोरामाइन रात्रभर ठेवूनही जात नाही. तेथे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, गोळी वापरतात. एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्यास पुरते, म्हणजे घरगुती पिंपास पाव गोळी पुष्कळ झाली.

हे सारे आम्ही लिहिले ते त्या तरुणाच्या थोरल्या भावाकरिता. तो इंग्लंडात असतो, आणि तेथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. धाकट्याची गोष्ट निराळी. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबईचा कायदा त्या राज्याने चालू ठेवला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने दारू गाळणे-बनवणे यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. घरच्या पातेल्यास यातून सूट नाही. भाड्याची खोली, परका गाव, आणि दाराशी पोलीस! चार बाटल्यांपायी ही किंमत कोणी देऊ नये.

पण आम्हांस खरी चिंता लागली ती पत्रातील शेवटच्या ओळीने. वास आवडत नाही म्हणून ही मुले पिण्याचे पाणीदेखील दिवसभर उघडे ठेवतात, आणि दर्प गेला की त्यात पेला बुडवून पितात. तो दर्प म्हणजे पाण्याचा पहारेकरी होय. भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो, तो याचसाठी की वाटेत किंवा घरात काही घाण शिरली तर ती तेथेच निकामी व्हावी. पहारेकरी गेल्यावर एक मळका हात विषमज्वरास किंवा काविळीस पुरतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली होती. तेव्हा स्वच्छ पाण्याचा एक हंडा म्हणजे काय, हे तेथील जुन्या बिऱ्हाडकरूंना त्याने विचारून पाहावे.

वास नकोच असेल तर पाणी उकळावे, त्याच भांड्यात झाकून ठेवावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले झाडांना घालावे. नाताळास तो घरी येणारच आहे. त्याच्या मातोश्री फुग्यांचे पीठ मळतील ते आपल्या विहिरीच्या पाण्याने, आणि त्यातही टी.सी.एल. असते; फुगे आजवर कधी बसलेले नाहीत.