पहारा कोणाचा, आणि जाब कोणास?

प्रजेच्या घरीं चोरी झाली आणि चोराचा माल राजास परत मिळवितां आला नाहीं, तर त्याची भरपाई राजानें आपल्या कोशांतून करावी, असा दंडक गौतमधर्मसूत्रांत घालून दिलेला आहे. आपल्या गांवगाड्यांतही हाच न्याय खालच्या पायरीवर चालत असे. जागल्या व रामोशी यांस पहाऱ्याबद्दल गांवाकडून ठराविक हक्क मिळे. चोरी झाली म्हणजे माग काढीत तो पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविणें त्यांस भाग असे, आणि माग गांवांतच हरवला तर भरपाईचा बोजा त्यांच्यावर व गांवावर येई. त्या व्यवस्थेंत गरीब पहारेकऱ्यावर जुलूमही होत असे, आणि ती जशीच्या तशी परत आणावी असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु तिच्या मुळाशीं जें तत्त्व होतें तें सोन्याचें होतें. पहाऱ्याचें वेतन जो घेतो त्यानें पहाऱ्याचा जाब द्यावा, आणि ज्याचें घर फुटलें त्याला तो द्यावा, हें तें तत्त्व होय. आजच्या आमच्या पोलीसव्यवस्थेंतून नेमकें हेंच तत्त्व नाहींसें झालें आहे, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पोलिसांविषयीं जीं गाऱ्हाणीं ऐकूं येतात त्यांचें मूळ तेथेंच आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

समजा, पेठेंतील एखाद्या कापडवाल्याचें दुकान रात्रीं फुटलें. सकाळीं तो चौकीवर जातो तों चौकीस कुलूप. एकुलता एक शिपाई कोठें मिरवणुकीच्या बंदोबस्तास गेलेला असतो. तो ठाण्यावर जातो. ठाण्यावरचा अंमलदार अगोदर जागा आमच्या हद्दींत येते कीं शेजारच्या ठाण्याच्या, याचा खल करितो; मग चोरी कीं गहाळ, असा प्रश्न काढितो. गुन्हा नोंदला कीं ठाण्याच्या कागदावर एक गुन्हा वाढतो, आणि न उलगडलेल्या गुन्ह्यांचा आकडा फुगला कीं वरिष्ठ जाब विचारितात. तेव्हां न नोंदणें हाच सर्वांत सोयीचा मार्ग ठरतो. दुकानदार दोन हेलपाटे घालतो, तिसऱ्यांदा नाद सोडतो. गुन्हा झाला, पण सरकारच्या दप्तरीं तो झालाच नाहीं. आणि जो गुन्हा झालाच नाहीं त्याच्यासाठीं जादा शिपाई मागण्याचें तरी कारण काय? अशा रीतीनें एक खोटें कागदावर चढतें आणि त्या खोट्यावर दुसऱ्या वर्षाची तजवीज उभी राहते.

शिपायाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीं तर न्याय एकतर्फी होईल. केंद्र सरकारच्या पोलीस संशोधन व विकास विभागानें १ जानेवारी २०२० रोजींची जी मोजदाद प्रसिद्ध केली, तीवरून देशांतील राज्यांच्या पोलिसांत मंजूर जागा सुमारें २६ लक्ष २३ हजार होत्या आणि त्यांपैकीं सुमारें ५ लक्ष ३१ हजार रिकाम्या होत्या. म्हणजे दर पांच जागांत एक जागा कागदावरच पहारा करीत होती. लाख लोकवस्तीमागें मंजूर शिपाई सुमारें १९५, प्रत्यक्ष हजर सुमारें १५५. हा वाढीव मागणीचा आंकडा नव्हे. सरकारनें स्वतः आवश्यक म्हणून मान्य केलेल्या आणि तरीही न भरलेल्या जागांचा तो आंकडा आहे. जे हजर त्यांतले किती मोहल्ल्याच्या वाट्यास येतात? गणेशोत्सव, निवडणुका, मोर्चे, बड्या लोकांचे दौरे, यांतच त्यांचे दिवस जातात. दिवसाचे बारा तास व त्याहून अधिक उभा राहणारा शिपाई घरफोडीचा तपास कोणत्या डोक्यानें करणार? २०१६ सालीं मुंबईंतील देवनार ठाण्यांत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला व तो पुढें शहरांतील इतर ठाण्यांत नेण्यांत आला, यावरूनच पूर्वीची स्थिति काय होती तें समजावें. आठ तासांची पाळी हा कारखान्यांतील मजुराचा जुना हक्क आहे. ज्याच्या हातीं कायदा दिला त्याला मात्र तो प्रयोग म्हणून मिळावा, ही गोष्ट कोणत्याही राज्यकर्त्यास भूषणावह नाहीं.

तथापि शिपायांची संख्या वाढली कीं सर्व दुखणें बरें होईल, असें जो समजतो तो फसतो. आमची पोलीसव्यवस्था कोणत्या हेतूनें जन्मास आली हें पाहिलें पाहिजे. १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर नेपियर साहेबांनीं तेथें जें पोलीसदल उभारलें तें आयर्लंडच्या नमुन्यावर होतें, आणि आयर्लंडचा नमुना म्हणजे नाखूष प्रजेस धाकांत ठेवण्याचा नमुना. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. आमच्या मुंबई इलाख्यांत जिल्ह्यांपुरता १८९० चा निराळा कायदा झाला. खुद्द सरकारनें नेमलेल्या फ्रेझर कमिशननें १९०२-०३ सालीं हें खातें अकार्यक्षम, अर्धशिक्षित व जुलमी आहे आणि लोकांचा विश्वास त्यास मिळालेला नाहीं, असा अभिप्राय दिला. परंतु ज्या इमारतीचा पायाच विश्वासासाठीं घातला नव्हता तिला रंग देऊन विश्वास कोठून येणार? शिपाई हवालदारास, हवालदार फौजदारास आणि फौजदार साहेबास भिऊन असे. प्रजेस भिण्याचें, म्हणजे प्रजेस जाब देण्याचें, कारण त्या सांखळींत कोठेंच नव्हतें.

स्वराज्य आल्यावर ही सांखळी तुटावयास हवी होती. ती तुटली नाहीं; तिचें वरचें टोंक तेवढें साहेबाच्या हातून मंत्र्याच्या हातीं गेलें. १९५१ सालीं मुंबई राज्याचा नवा पोलीस कायदा झाला व पुढें त्याचें नांव महाराष्ट्र पोलीस कायदा असें झालें, पण शिपायानें तोंड कोणाकडे करून उभें राहावें हा प्रश्न तसाच राहिला. १९७७ सालीं धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय पोलीस आयोग बसला. १९८१ पर्यंत त्यानें आठ अहवाल दिले, आणि ते फडताळांत पडून राहिले. अखेर प्रकाश सिंग या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि दहा वर्षांनीं, २२ सप्टेंबर २००६ रोजीं, न्यायालयानें सात आज्ञा दिल्या. अधिकाऱ्यांस किमान मुदत असावी, तपासाचें काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळें असावें, पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकण्यास स्वतंत्र प्राधिकरण असावें, या त्यांपैकीं आमच्या विषयास लागू असलेल्या तीन होत. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून राज्य व विभागीय तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. कागद झाला. पण आमच्या पेठेंतल्या शंभर दुकानदारांस विचारून पहावें कीं असें प्राधिकरण आहे हें तुमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे. उत्तर काय येईल हें सांगण्यास ज्योतिषी नको.

जाब विचारण्याची वाट बंद झाली म्हणजे काय होतें, हें सांगण्यास दूरचा इतिहास नको. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तींत अक्कू यादव नांवाच्या गुंडानें वर्षानुवर्षें दहशत बसविली होती. खंडणी, मारहाण, स्त्रियांवरील अत्याचार अशा तक्रारी वस्तींतील लोक सांगत, आणि पोलीस दाद घेत नाहींत, उलट गुंडाचीच बाजू घेतात, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. १३ ऑगस्ट २००४ रोजीं त्यास नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत आणलें असतां, वस्तींतील स्त्रियांच्या जमावानें न्यायालयाच्या आवारांतच त्याचा जीव घेतला. २०१४ सालीं खटल्यांतील आरोपी पुराव्याअभावीं निर्दोष सुटले. त्या स्त्रियांच्या दुःखापुढें कोणाचेंही मस्तक नमेल. परंतु वकिलीचा झगा घातलेल्या माणसास यांतील एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्या दालनांत न्याय मिळावयाचा त्याच दालनांत न्यायाचा अंत झाला, आणि तो अंत आणणारांस ती जागा न्यायाची आहे असें वाटेनासें झालें होतें. हा दोष त्या स्त्रियांचा कमी, आणि त्यांस ठाण्याच्या पायरीवरून वारंवार परत धाडणारांचा अधिक आहे.

मात्र ज्यांस जमावाचा न्याय गोड वाटतो त्यांनीं १ जुलै २०१८ ची आठवण ठेवावी. त्या दिवशीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे या निराधार अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठेंचून मारलें. कस्तुरबानगरांत जमावास माणूस ओळखीचा होता, राईनपाड्यांत नव्हता. पण हात तोच होता. जेथें कायदा पोंचत नाहीं तेथें जमाव पोंचतो, आणि जमाव चौकशी करीत नाहीं. आज जो मोहल्ला एका भुरट्यास खांबास बांधून मारण्यांत समाधान मानतो, त्याच्याच मुलास उद्यां परगांवीं कोणी परका म्हणून खांबास बांधील, याची शाश्वती काय?

आमच्या व्यापारीवर्गानें या संकटावर एक उपाय शोधला आहे: वर्गणी काढून रात्रीचा गुरखा ठेवणें, कॅमेरे बसविणें, सोसायटीच्या दारास पहारेकरी नेमणें. आपल्या मालाचें रक्षण करण्याचा हक्क सर्वांस आहे व त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण यानें प्रश्न सुटला असें मानणें हा भ्रम आहे. जो कर आपण सरकारास भरला त्याच कामासाठीं हा दुसरा कर आपण स्वखुषीनें भरतों. आणि ज्यास तो दुसरा कर झेपत नाहीं त्या चाळींतील गिरणीकामगारानें, हातगाडीवाल्यानें, एकट्या राहणाऱ्या विधवेनें काय करावें? नव्या फौजदारी कायद्यांत तर पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची साधी चोरी, पहिल्या अपराधापुरती, अदखलपात्र ठरली आहे. पेढीवाल्यास पांच हजारांची चोरी किरकोळ असेल. भाजीवालीच्या टोपलीखालून तेवढे गेले तर तिचें सगळें भांडवलच गेलें. सधन मोहल्ला खाजगी पहाऱ्यावर निर्धास्त झोपूं लागला म्हणजे ठाण्याच्या दुरवस्थेविषयीं ओरडणारा वजनदार कंठच बंद होतो, आणि गरिबाची रात्र अधिक काळोखी होते.

आतां थोडें आमच्याविषयींही. झडतीच्या वेळीं त्या वस्तींतील प्रतिष्ठित रहिवाशांस पंच म्हणून बोलवावें असें कायदा सांगतो, आणि पंच म्हणतांच आमच्या आळींतील दारें फटाफट लागतात. साक्षीस जाण्याचा दिवस म्हणजे दुकानाचा दिवस बुडाला, म्हणून आम्ही पाहिलेलें न पाहिलेलें करितों. आणि खटला पुराव्याअभावीं सुटला कीं न्यायाधीशास दोष देतों. आपलें काम अडलें कीं वरची ओळख शोधतों, आणि ओळखीनें काम झालें म्हणजे ज्याला ओळख नाहीं त्याचें काम मागें पडलें, हें मनांतही आणीत नाहीं. जो नागरिक स्वतः वशिला लावतो त्यास पोलीस वशिल्यानें चालतात असें म्हणण्याचा अधिकार किती उरतो?

मग करावें काय? पहिलें हें कीं, कायद्यानें जीं हत्यारें आपल्या हातीं दिलीं आहेत तीं गंजूं देऊं नयेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिताकुमारी प्रकरणांत दिला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनें हद्दीची सबब काढून टाकली आहे. गुन्हा कोठेंही घडो, कोणत्याही ठाण्यानें खबर घेतली पाहिजे. तीन ते सात वर्षांच्या आंत शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्यास तिनें मुभा दिली आहे खरी. पण ती वरिष्ठाच्या परवानगीनें, अंमलदाराच्या मर्जीनें नव्हे. खबरीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांस टपालानें लिहावें, तेथेंही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तपास कोठवर आला हें नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस कळविलें पाहिजे. या गोष्टी एकट्या दुकानदारानें केल्या तर तो हट्टी ठरतो. व्यापारी संघानें आपल्या सभासदांसाठीं केल्या तर तीच रीत होते.

दुसरें, मागणी नेमकी करावी. “बंदोबस्त वाढवा” असा मोघम अर्ज वर्षास दहा जातात व टोपलींत पडतात. आमच्या ठाण्यास मंजूर जागा किती, भरलेल्या किती, त्यांतील तपासावर किती व बंदोबस्तावर किती, हें दर तिमाहीस ठाण्याच्या दारावर लावावें. नोंदलेल्या गुन्ह्यांचा आंकडा वाढला म्हणून अधिकाऱ्यास शिक्षा करूं नये, न नोंदल्याबद्दल करावी. आणि तपासाचीं माणसें बंदोबस्तास ओढूं नयेत. पोलीस हा विषय राज्यसरकारचा आहे. तेव्हां मतें मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास हे तीन प्रश्न भर सभेंत विचारावेत. रस्ते व नळ यांच्याविषयीं आम्ही विचारतों, मग रात्रीच्या निर्भय झोपेविषयीं कां विचारूं नये?

ज्या राज्यांत चोरीचा भार राजाच्या खजिन्यावर पडत असे तेथें चोर पकडण्याची कळकळ राजास आपोआप असे. आज राजा आपणच आहोंत, खजिनाही आपलाच आहे, आणि भरपाई मात्र ज्याचें घर फुटलें तोच एकटा करितो. हा हिशेब उलटा आहे. तो सुलटा करण्यास लाठीवाल्या जमावाची गरज नाहीं. लेखी फिर्याद देऊन तिची प्रत हातांत घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी न उतरणाऱ्या नागरिकांची गरज आहे.