पथ्य विजेचे आणि प्लॅस्टिकचे

रोग्याला औषध लिहून देणे सोपे असते, त्याला पथ्य पाळायला लावणे अवघड असते. औषध एकदा घेतले की आपले काम करते. पथ्य मात्र रोग्याला स्वतः रोज सांभाळावे लागते. हा आपल्या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. आपल्या शहराच्या प्रकृतीचा विचार करताना मला याच अनुभवाची आठवण होते. शासन कायदे करते, महापालिका कचरा उचलते, न्यायालये वेळोवेळी निर्देश देतात. ही झाली औषधे. पथ्य पाळायचे आहे ते तुम्हा-आम्हा नागरिकांना, आणि ते समजावून सांगण्याचा अधिकार वैद्यक व्यवसायाइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. या स्मरणिकेच्या निमित्ताने विजेची बचत आणि प्लॅस्टिकचा संयम या पथ्याच्या दोन कलमांविषयी मी माझे मत वाचकांपुढे ठेवीत आहे.

हा विषय पर्यावरणवाद्यांचा आहे, डॉक्टरांनी त्यात का पडावे, असे काही सहकारी विचारतात. त्यांना मी २०१६ साल आठवून पाहण्याची विनंती करतो. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत ‘पीएम २.५’ या अतिसूक्ष्म धूलिकणांच्या वार्षिक सरासरीनुसार आपले ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. सरासरी होती दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४० मायक्रोग्रॅमची आहे. तानसेनाच्या नावाने ओळखली जाणारी नगरी श्वास घेण्यास अयोग्य म्हणून जगभर गाजावी, ही गोष्ट मनाला लागणारी होती. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ग्वाल्हेरचा समावेश झाला, काही उपाययोजनाही झाल्या. परंतु थंडीच्या दिवसांत पहाटे कोपऱ्याकोपऱ्यांवर पेटणाऱ्या कचऱ्याच्या शेकोट्या काही विझलेल्या नाहीत. त्या शेकोटीत पालापाचोळ्याबरोबर पिशव्या, दुधाची पाकिटे, थर्माकोलची ताटेही जळत असतात. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक उघड्यावर जळले की डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत मिसळतात. दम्याचा रोगी आपल्या दवाखान्यात येतो तेव्हा आपण त्याला इन्हेलर देतो; त्याच्या गल्लीतली शेकोटी मात्र आपल्या केसपेपरवर कोठेच नोंदली जात नाही.

आता विजेचा विचार करू. मध्य प्रदेशातील वीज आजही मुख्यतः कोळशापासून तयार होते. देशातील सर्वांत मोठे औष्णिक वीजकेंद्र, ४,७६० मेगावॉट क्षमतेचे विंध्याचल केंद्र, आपल्याच राज्याच्या सिंगरौली जिल्ह्यात आहे. एका युनिटमागे साधारणपणे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. दिवा आपल्या दिवाणखान्यात लागतो, राख आणि धूर मात्र तेथील माणसांच्या वाट्याला येतात. म्हणून विजेची उधळपट्टी हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न राहत नाही. बिल भरण्याची ऐपत असली, तरी दुसऱ्याच्या फुप्फुसांवर भार टाकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

एक साधे गणित मांडतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नवा ‘बीएलडीसी’ पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला बारा तास आणि वर्षाला आठ महिने पंखा चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ १३० युनिटांची बचत होते. चार पंख्यांच्या घरात ती पाचशे युनिटांच्या वर जाते, म्हणजे अडीचशे किलोहून अधिक कोळसा वाचतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकली जावीत असा नियम झाला. तापमान एका अंशाने वाढवून ठेवले की विजेचा खर्च सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. तरीही अनेक दवाखान्यांत यंत्र १८ अंशांवर ठेवलेले असते आणि प्रतीक्षागृहातील रुग्ण शाल पांघरून बसलेले असतात. बाहेर ४५ अंशांचे ऊन! त्या रुग्णाला असे एकाएकी आत-बाहेर करायला लावणे वैद्यकीय दृष्ट्याही शहाणपणाचे नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बचत म्हणजे हालअपेष्टा नव्हे. मे-जूनच्या ग्वाल्हेरमध्ये वृद्धांनी, तान्ह्या मुलांनी, हृदयरोग्यांनी पंखा बंद करून बसावे असे कोणी सुचवीत असेल, तर तो उष्माघाताला निमंत्रण देत आहे. बचत करायची ती रिकाम्या खोलीतल्या पंख्याची, दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्यांची, रात्रभर जागणाऱ्या टीव्हीच्या लाल डोळ्याची, हिवाळ्यात तासन्‌तास चालू राहणाऱ्या गिझरची. आपल्याकडचा उन्हाळा पाऊस येईपर्यंत कोरडा असतो, त्यामुळे कूलर येथे उत्तम काम देतो आणि वातानुकूलन यंत्राच्या मानाने विजेचा अगदी थोडा अंश घेतो. मात्र त्याची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी केलीच पाहिजे. अन्यथा वाचवलेले पैसे डेंग्यूच्या उपचारांवर खर्च होतील.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र वेगळ्या मार्गाने अवगत होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेर ही राजधानी केली आणि त्यांच्या छावणीचे लष्कर झाले. त्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी जे वाडे बांधले, त्यांच्या जाड दगडी भिंती, मधला मोकळा चौक, उंच छत, ओसरी आणि दारावरचे वाळ्याचे पडदे यांनी विजेवाचून उन्हाळे काढले. आज वाडे पाडून फ्लॅट उभे राहिले आहेत. ते चक्र उलटे फिरणार नाही आणि फिरवावे असे माझे म्हणणेही नाही. परंतु गच्चीला पांढरा चुना देणे, पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावणे, संध्याकाळी दारे-खिडक्या उघडून वारा खेळवणे एवढे तर फ्लॅटमध्येही जमते. ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांच्यासाठी २०२४ साली सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे. तीन किलोवॉटच्या सौर संचासाठी तीत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले आहे. वर्षाचे बहुतेक दिवस रखरखीत ऊन असणाऱ्या आपल्या शहराने या योजनेत मागे राहावे, याला कारण आळसाखेरीज दुसरे दिसत नाही.

पाणी आणि वीज यांचाही निकटचा संबंध आहे. सांक नदीवरच्या तिघरा धरणातून येणारे पाणी आपल्या नळापर्यंत आणि नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पंपांनीच चढते. टाकी भरून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही गटारात वाहून जाते.

दुसरे कलम प्लॅस्टिकचे. मध्य प्रदेशाने २०१७ साली कॅरीबॅगवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली: प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यांवरचे आणि निमंत्रणपत्रिकांवरचे पातळ वेष्टण, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीही त्याच वर्षअखेरीपासून निषिद्ध झाली. तरीही बाजारात भाजीच्या हातगाडीवर पातळ पिशव्यांचा गठ्ठा लटकलेला दिसतोच. दोष एकट्या भाजीवाल्याचा नाही. त्याने पिशवी दिली नाही तर आपण पुढच्या गाडीकडे वळतो, म्हणून तो बिचारा ती ठेवतो.

त्या पिशवीचा पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. काही पिशव्या स्वर्णरेखेच्या पात्रात जातात. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या या नदीचा नाला होऊन गेला, त्यात सांडपाण्याइतकाच आपण टाकलेल्या कचऱ्याचाही वाटा आहे. काही पिशव्या नाल्या तुंबवतात. टाकलेल्या पेल्यांत आणि डब्यांत पावसाचे पाणी साचते आणि एडिस डासाला आयते घर मिळते. काही पिशव्या उष्ट्या अन्नासह गाईंच्या पोटात जातात. मुरारच्या लालटिपारा गोशाळेत दररोज शंभर टन शेणापासून इंधनवायू तयार करण्याचा प्रकल्प २०२४ साली सुरू झाला, ही आपल्या शहरासाठी अभिमानाची बाब आहे. एकीकडे गाईच्या शेणातून ऊर्जा काढायची आणि दुसरीकडे तिलाच प्लॅस्टिक खाऊ घालायचे, हा विरोधाभास आपल्याला शोभत नाही.

आता तर प्लॅस्टिक आपल्याच शरीरात येऊन पोहोचले आहे. २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांना २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले. मार्च २०२४ मध्ये इटलीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेच्या रोहिणीतील काढलेल्या थरांत ज्या रुग्णांना असे कण सापडले, त्यांच्यात पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांच्या मानाने चौपटीहून अधिक होते. यातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे वैद्यकीय वाचकांना सांगायला नको. पण तंबाखूच्या बाबतीत अंतिम पुराव्याची वाट पाहण्यात किती आयुष्ये खर्ची पडली, हेही आपल्याला सांगायला नको.

“माझ्या एकट्याच्या बचतीने काय होणार?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका बालकाला डोस पाजून पोलिओ गेला नव्हता. परंतु एकेका बालकाला डोस पाजल्याखेरीज तो जाणारही नव्हता. “आधी कारखाने बंद करा,” असा दुसरा आक्षेप असतो. उत्पादकांवर जबाबदारी टाकलीच पाहिजे, आणि २०१६ च्या नियमांनी ती टाकलीही आहे. तथापि नुसत्या कायद्याची मर्यादाही जगाने पाहिली आहे. बांगलादेशाने पुराच्या अनुभवानंतर २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली, पण अंमलबजावणी ढिली पडताच पिशव्या परतल्या. त्याच वर्षी आयर्लंडने पिशवीमागे केवळ १५ सेंटचा कर बसवला आणि पिशव्यांचा वापर सुमारे ९० टक्क्यांनी घटला, कारण लोक घरून पिशवी घेऊन निघू लागले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात तुंबलेल्या गटारांनी महाराष्ट्राचे डोळे उघडले, तरी तेथील व्यापक बंदी येण्यास २०१८ साल उजाडावे लागले आणि सवयी बदलण्याचे काम अजून चालूच आहे. फार दूर कशाला, आपले इंदूर पाहा. २०१७ पासून स्वच्छतेत सातत्याने पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या त्या शहरात यशाचा पाया घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यानेच घातला गेला. जे इंदूरच्या गृहिणींना साधले ते ग्वाल्हेरच्या गृहिणींना का साधू नये, आणि हे काम गृहिणींवरच का सोपवावे?

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ असे कोणी आपल्याला म्हणू नये, यासाठी सुरुवात आपल्या व्यवसायापासून व्हावी. सिरिंज, सलाइनचा संच, कॅथेटर यांचे प्लॅस्टिक रुग्णाचे प्राण वाचवते. त्यात काटकसर करा असे मी म्हणणार नाही. पण जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम काटेकोरपणे पाळणे आपल्या हातात आहे. दूषित नळ्या व मोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या भेदरोधक डब्यात, काच निळ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. लाल पिशवीतील प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुनर्वापरासाठी जाऊ शकते. औषधांची कोरी वेष्टणे आणि खोकी त्यात मिसळली की स्वच्छ कचराही दूषित होतो. परिषदांमध्ये मिळणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या ‘नॉन-वोव्हन’ पिशव्या बहुधा प्लॅस्टिकच्याच असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

तीच गोष्ट समाजाच्या सणसमारंभांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून लुटण्याची प्रथा अलीकडचीच आहे. कापडी पिशवी, सुगड, रोपटे यांचे वाण अधिक शोभेल. गणपतीचे मखर कागदाचे आणि कापडाचे होऊ शकते. महाप्रसादासाठी पत्रावळी आहेतच, आणि मंडळाने शे-दोनशे स्टीलची ताटे एकदाच घेतली तर ती पिढीभर पुरतील.

तेव्हा माझी आपल्या संस्थेला नम्र सूचना अशी आहे. पुढील संमेलनात पाण्याच्या छोट्या बाटल्या, फ्लेक्सचे फलक आणि वेष्टणात गुंडाळलेले पुष्पगुच्छ यांना पूर्ण फाटा द्यावा. प्रत्येक सभासदाने दवाखान्यातील पंखे आणि दिवे टप्प्याटप्प्याने बदलावेत, यंत्र २४ अंशांखाली नेऊ नये आणि प्रतीक्षागृहात या विषयाचा एक मराठी व एक हिंदी तक्ता लावावा. आणि यंदाच्या मे महिन्याच्या वीजबिलावरील युनिटांचा आकडा प्रत्येकाने संस्थेकडे नोंदवून पुढच्या मे महिन्याचा आकडाही द्यावा. रक्तदाबाची नोंद ठेवल्याखेरीज उपचार होत नाहीत, तसेच हेही आहे.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेत त्या आकड्यांचा तक्ता नावांशिवाय छापला जावा. तो उत्साहवर्धक निघाला तर इतर संस्थांना दाखवता येईल. निराशाजनक निघाला तर निदान आपल्या पथ्यात कोठे कुचराई झाली ते तरी कळेल. थेंबे थेंबे तळे साचते, हे तिघऱ्याचे पाणी पिणाऱ्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी. सर्व सभासदांनी आणि समाजबांधवांनी या सूचनेचा सहानुभूतीने विचार करावा, एवढीच विनंती.