भिडू मोठे बोलला, आता आपण काय बोलावे?

खाप्याच्या एका वाचक बंधूंनी विचारले आहे, ब्रिजमध्ये भिडूने 'दोन किलवर' अशी बोली केली आणि आपल्या हाती नुसती दुर्री-तिर्री असेल, तर गप्प बसावे काय? प्रश्न नेमका आहे, म्हणून या आठवड्यात तोच घेतो.

पत्ते म्हटले की आपल्या घरातील मायमाउलीच्या कपाळाला आठी पडते. पडणारच. पगाराचे पैसे तीन पत्तीत गेलेले तिने पाहिले आहेत. पण ब्रिजला पैसा लावावा लागत नाही. 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. हा क्लबातल्या साहेबांचाच खेळ, हेही खरे नाही. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातील रायबिदपुरा गावचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिज खेळत आले आहेत. ज्याला मेंढीकोट येतो, त्याला भिडू, हुकूम आणि हात हे शब्द काय शिकवायचे?

आता उत्तर. गप्प बसायचे नाही. हाती एकही चित्र नसले तरी नाही.

एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, असे सगळ्या पत्त्यांत मिळून 40 गुण. 'दोन किलवर' म्हणजे भिडू सांगतो, माझ्या एकट्याकडे 22 किंवा जास्त आहेत, नाहीतर थोडे कमी, पण नऊएक हात मी स्वतःच काढतो. किलवरशी या बोलीचा काही संबंध नाही. आपण पास म्हटले, तर त्या बिचाऱ्याला किलवर हुकूम धरून खेळावे लागेल.

सात गुणांपर्यंत 'दोन चौकट' म्हणावे. चौकट असो वा नसो. अर्थ एवढाच की, मी ऐकतो आहे, पुढे सांग. आठ किंवा अधिक गुण आणि पाच पानांचा चांगला रंग असेल, तर तो रंग सांगावा.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत आहे. समजा भिडूकडे एक्का, राजा, राणी, गुलाम धरून सहा इस्पिक आहेत. बदामाचा एक्का, राजा आणि एक लहान पान. चौकटचा एक्का आणि एक लहान. किलवरची दोन लहान. गुण 21, पक्के हात नऊ. आपल्याकडे तीन लहान इस्पिक, दोन लहान बदाम, पाच लहान चौकट आणि किलवरचा गुलाम धरून तीन पाने. गुण फक्त एक! दोन किलवर, दोन चौकट, दोन इस्पिक. आता आपण 'चार इस्पिक' म्हणावे. चार म्हणजे दहा हात. दहावा कुठून येतो? बदामाचे एक्का-राजा खेळून झाले की भिडू तिसरे बदाम टाकतो आणि आपल्या बाजूचा लहानसा हुकूम तो मारतो. बदामाची वाटणी फारच वेडीवाकडी नसेल, तर डाव झालाच. दहा हातांच्या डावाला जोडीत साधारण 26 गुण लागतात म्हणतात. इथे 22 मध्ये भागले.

नव्यांना हे उलटे वाटते. उडी मारून 'चार' म्हणणे ही दुबळ्या पानांची बोली: हुकुमाला साथ आहे, एक्का-राजा कुठलाच नाही. सावकाश 'तीन' म्हणणे ही बळाची बोली, कारण बारा हातांचे बोलायला जागा उरते. आम्हाला ब्रिजमधली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

भिडू 'दोन बिनहुकमी' म्हणाला, म्हणजे 22 ते 24 गुण आणि सगळ्या रंगांची सारखी पाने, तर मात्र शून्य ते दोन गुणांवर पास चालतो. तीन असले की 'तीन बिनहुकमी'.

मेंढीकोटातली डोळा मारण्याची सवय इथे चालत नाही. बोलीचा अर्थ विरुद्ध जोडीने विचारला तर सांगावा लागतो. नवरा-बायको भिडू असतील, तर चुकीची चर्चा जेवण झाल्यावर करावी!

सराव घरीच होतो. वरची भिडूची तेरा पाने बाजूला काढा. उरलेली 39 पिसून त्यांतली तेरा मुलाला किंवा मुलीला वाटा आणि विचारा, तू काय बोलशील? चौथीतले पोरही गुण मोजू लागते. रोज दहा वाटण्या पुरे.