बोलेरो घ्या, गाडी द्या

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. भंगारातून, साधारण साठ हजारांत बनवलेली छोटीशी जीप. दुचाकीसारखी किक मारली की सुरू. आनंद महिंद्रांनी ट्विट केलं, त्याचा मथितार्थ असा: गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, पण कल्पकतेला सलाम, आज ना उद्या अधिकारी ती बंद पाडतीलच, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारीत बोलेरो दारात आली. देश गहिवरला.

मला त्या गहिवराचा राग आहे. लोहारांनी सौदा केला तो शहाणपणाचा. महिंद्रा बोलले ते खरंच होतं. पण हजारो लोकांनी हार्ट टाकले आणि त्यातल्या फारच थोड्यांना प्रश्न पडला, की या गाडीचे ब्रेक तपासून ‘एवढं सुधारा, मग चालवा’ असं सांगणारं एक साधं टेबल आपल्याकडे का नाही? हातानं बनवलेली गाडी कौतुकाला चालते, रस्त्यावर चालत नाही. तिचा मान म्हणजे ती काढून घेऊन कारखान्यातली देणं.

अमेरिकेत अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तातल्या जुन्या फोर्ड घेऊन मडगार्ड काढायची, छत कापायची, इंजिन बदलायची आणि कोरड्या तलावांवर पळवायची. पुढे तीच पोरं शहरातल्या रस्त्यांवर शर्यती लावू लागली, माणसं मरू लागली, पेपरांनी बोंब ठोकली. इथवर गोष्ट आपलीच आहे. फरक पुढे पडला. १९५० मध्ये सांता आना इथं विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेस सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. १९५४ पासून तिची ‘सेफ्टी सफारी’ नावाची टोळी गावोगाव फिरून गाडी कशी तपासायची, शर्यत सुरक्षित कशी घ्यायची हे शिकवू लागली. रस्त्यावरची शर्यत त्यानं संपली नाही, पण ज्याला खरंच गाडी बनवायची होती त्याला जायला जागा मिळाली.

आपल्याकडे काय मिळतं? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही लिहून ठेवली: नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किट बसवायला वाट आहे. इंजिन बदलायलाही परवानगीची वाट आहे, पण बदली इंजिन मूळच्याच जातीचं हवं. ‘मी हे वेगळं बनवलंय, तपासा’ म्हणणाऱ्याला वाट नाही. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकेक गाडी सरकारी केंद्रात तपासून पास करण्याची सोय आहे. तिथले रस्ते काही रक्तानं माखलेले नाहीत.

आता अकोल्यात या. आमच्याकडे मस्टँग नाही, आमची मसल कार म्हणजे आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. आज तिला हात लावणारे मिस्त्री बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांचं काम बघा. ब्लॉकचे पोर्ट मिलीमीटरच्या अंशानं घासायचे, हेड थोडं उतरवायचं, कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा, मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, काळा म्हणजे जास्त. काही जण आरएक्स १३५ चा ब्लॉकच चढवतात. आरसीवर ९८ सीसी, पोटात १३२. हे कागदावर आणायचं कुठे? कुठेच नाही, म्हणून लपवायचं.

आणि हो, सायलेन्सर फोडून रात्री जठारपेठेत फटाके वाजवत फिरणाऱ्यांची वकिली मी करत नाहीये. ती पोरं मिस्त्रींना माझ्याहून जास्त नकोशी असतात. टू-स्ट्रोकचा पाइप म्हणजे नुसतं धुराडं नव्हे. त्याच्या फुगीर-निमुळत्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये ढकलते. तो आकार बिघडवला की आवाज वाढतो आणि ताकद घटते. म्हणजे सगळ्यात जास्त बोंबलणारी गाडी बहुतेक वेळा सगळ्यात हळू असते. पोलिसांनी ते सायलेन्सर रोडरोलरखाली घालावेत, खुशाल. पण त्या रोलरच्या फोटोपलीकडे आपलं धोरण काय?

माझं इंजिनिअरिंग झालंय, आता कोड लिहितो. कॉलेजात असताना आमची टीम बाहा एसएई इंडियाला उतरली होती. त्यात विद्यार्थी स्वतः छोटी ऑफ-रोड गाडी बनवतात आणि पिथमपूरच्या ट्रॅकवर पळवतात. आधी कडक तपासणी. रोल केजचं वेल्डिंग, किल स्विच, अग्निशामक, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झालीच पाहिजेत. जी गाडी पास होत नाही ती पळत नाही. आमच्या रोल केजचे पाइप वेल्ड करायला आम्हाला शिकवलं ते अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीनं. ‘‘कायले कापतं बे? पयले माप घे!’’ हे वाक्य मी प्रोफेसरांच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. आमच्या गाडीला तपासणी, ट्रॅक, सर्टिफिकेट, आणि मुलाखतीत सांगायला एक किस्सा मिळाला. त्याच वेल्डिंगनं त्यानं स्वतःसाठी काही बनवलं तर त्याला चलान. हात तोच, लोखंड तेच. आमच्याकडे आयकार्ड होतं.

अशा हातांना विचारायला जागा नसली की काय होतं, तेही वऱ्हाडानं पाहिलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत चोवीस वर्षांचा एक वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं लागून गेला. त्यात मारुती ८०० चं इंजिन होतं. गेल्यावर सगळ्यांनी त्याला रँचो म्हटलं. आधी एखाद्या इंजिनिअरनं शेजारी उभं राहून ‘थांब, हे पातं असं फिरवू नको’ म्हणायला हवं होतं.

‘जुगाड’ हा शब्द म्हणूनच मला सहन होत नाही. जुगाड म्हटलं की काम गमतीचं होतं, आणि गमतीला नियम लागत नाहीत, निधी लागत नाही, तपासणी अधिकारी लागत नाही. आठवणींचंही तेच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. म्हणजे बंगल्यात झाकून ठेवलेली गाडी वारसा. मिस्त्रीनं तीस वर्षं जिवंत ठेवलेली, ब्लॉक बदललेली आरएक्स २०४० नंतरही वारसा नाहीच.

सरकारला शर्यतींचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. लोहारांच्या जीपचं ट्विट आलं त्याच महिन्यात, १६ डिसेंबर २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. आमच्या तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्या दिवशी काय वाटलं होतं. बैल पळवायला राज्यानं कायदा केला, अटी घातल्या, कोर्टात लढलं. इंजिनासाठी कुणी अर्जसुद्धा लिहीत नाही.

मग पोरं हायवेवर जातात. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकल्याचा गिनेस विक्रम झाला. असला गुळगुळीत रस्ता समोर अंथरायचा आणि त्यावर कुणी पैज लावू नये अशी आशा करायची!

माझी मागणी लहान आहे. अकोला आरटीओत महिन्यातून एक दिवस, बदललेल्या गाड्यांची तपासणी, सोबत इंजिनिअरिंग कॉलेजचा एक प्राध्यापक आणि एक जुना मिस्त्री. आणि शर्यतीला जागा. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ची ड्रॅग रेस होऊन गेलीय, तेव्हा हे महाराष्ट्रात अशक्य नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान उडालं. आमचं शिवणी विमानतळ १९४३ चं, आणि नियमित प्रवासी विमानाची वाट आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. ते येईल तेव्हा येवो. धावपट्टी किलोमीटरहून लांब आहे, ड्रॅग रेसच्या पाव मैलाला ४०२ मीटर लागतात, उरलेली थांबायला पुरते.