पंप टाकीपाशीच हवा
वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि जुन्या डिझेल ट्रकला इंधनाचा इलेक्ट्रिक पंप बसवताना नेमकं हेच काही जण विसरतात. हाताशी येतो म्हणून पंप तापल्या इंजिनाशेजारी लावतात; ते चूकच. हा पंप डिझेल ढकलतो जोरात, ओढतो मात्र कष्टानं. लांबून ओढताना सैल जोडातून हवा शिरते आणि चढावर गाडी पिकअप घेत नाही. म्हणून जागा टाकीजवळचीच : चासीच्या आतल्या बाजूला, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा जरा खाली, सायलेन्सरपासून दूर. पंपाआधी जाळीचा फिल्टर हवाच. वायर रिले आणि फ्यूजमधून घ्या, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशीच जोडा. नाहीतर अपघातात फुटलेल्या नळीतून डिझेल वाहतच राहील.