घर फोडलं कुणी?

घरातली बाई स्वतःच्या नावावर काही करायला निघाली, की चारचौघं लगेच विचारतात, "काय, वेगळी चूल मांडणार वाटतं?" रॉक बँडमधल्या गायिकेनं पहिला एकटीचा अल्बम काढला की हाच संशय इंग्रजीत घेतला जातो. मला हा संशयच खोटा वाटतो.

स्टीव्ही निक्सचंच बघा. १९७५ पासून ती फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये. १९७७ चा 'रूमर्स' हा त्यांचा अल्बम जगभर खपला. अमेरिकेत या बँडचं एकच गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं, ते 'ड्रीम्स', आणि ते हिनं लिहिलेलं. म्हणजे घरात आणणारी बाई! पण त्याच अल्बमसाठी तिनं लिहिलेलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' लांब झालं म्हणून वगळलं. ते गेलं लिंडसे बकिंगहॅमच्या गाण्याच्या तबकडीवर, मागच्या बाजूला.

आता अडचण खरी होती, हे मी मान्य करते. तबकडीवर चाळीसेक मिनिटं मावायची आणि बँडमध्ये गाणी लिहिणारे तिघं. प्रत्येकाला वाटा थोडाच येणार. पण मग उरलेल्या गाण्यांचं तिनं करायचं काय? ट्रंकेत घालून कुलूप लावायचं?

जुलै १९८१ मध्ये तिचा 'बेला डोना' आला. दहा गाणी; त्यातली नऊ तिनं एकटीनं किंवा कुणाच्या साथीनं लिहिलेली. 'आफ्टर द ग्लिटर फेड्स' तर बँडमध्ये येण्याआधीचं. इतकी वर्षं ते थांबलं होतं. सप्टेंबरात हा अल्बम अमेरिकेत पहिला आला.

त्याच वर्षी बँडच्या मिक फ्लीटवुडनं स्वतःचा अल्बम काढला, बकिंगहॅमनंही काढला. पुरुषांनी केलं तर तो हौसेचा उद्योग, बाईनं केलं तर घरफोडी, हा कुठला न्याय? आणि घर मोडलं का? १९८२ मध्ये बँडचा 'मिराज' आला. त्यात तिचं 'जिप्सी' आहेच.

तुम्ही म्हणाल, पुढं नव्वदच्या सुरुवातीला तिनं बँड सोडलाच की. सोडला. पण कशावरून? तेच 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' तिला आपल्या निवडक गाण्यांच्या अल्बममध्ये हवं होतं, आणि फ्लीटवुडनं ते बँडच्या संचासाठी राखून ठेवलं. घरानं आधी जागा दिली नाही आणि नंतर बाहेरही नेऊ दिलं नाही. घर मोडलं ते या अडवणुकीनं. 'बेला डोना'ला त्याआधी दहा वर्षं होऊन गेली होती.

१९९७ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले, तेव्हा तिनं तेच गाणं त्याच माणसांबरोबर स्टेजवर गायलं. म्हणजे जागा होती. द्यायला वीस वर्षं लागली.

म्हणून सांगते, बाई बाहेर का पडली याची चौकशी पुरे झाली. तिच्या किती गोष्टी माळ्यावर टाकल्या होत्या, ते आधी मोजा.