नकलेचा सूर आणि पाठभेद

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांतील वाद्यांचे नमुने घेऊन नवे संगीत रचणे ही आता जगभर रुळलेली रीत आहे. निन्टेन्डोचे 1983चे फॅमिकॉम, सेगाचे 1988चे मेगा ड्राइव्ह, निन्टेन्डोचेच 1990चे सुपर फॅमिकॉम ह्या यंत्रांतील स्वर संगणकात उतरवून घ्यायचे, की-बोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे आणि त्यांतून चाल बांधायची. साहित्याच्या अभ्यासकांना ह्याचे काय, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते की प्रत, पाठ आणि प्रामाण्य हे आपल्या नित्य परिचयाचे प्रश्न येथेही उभे राहतात, आणि त्यांपैकी एकाचे उत्तर सीताबर्डीत उभे राहूनच द्यावे लागते.

प्रथम ह्या स्वरांची घडण पाहू. फॅमिकॉमजवळ पाचच वाहिन्या होत्या : दोन चौकोनी तरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्याची. सुपर फॅमिकॉमचा ध्वनिविभाग सोनीच्या केन कुतारागी ह्यांनी रचला. त्यात एका वेळी आठ स्वर वाजत आणि चालीची आज्ञावली, स्वरलेखन, सगळ्या वाद्यांचे नमुने ह्यांना मिळून 64 किलोबाइट जागा असे. एवढ्या जागेत तुतारी किंवा व्हायोलिन मावणार कसे? म्हणून स्वराचा आरंभ तेवढा ठेवायचा आणि पुढचा एक लहानसा तुकडा फिरवत राहायचे. जे उरे त्याला वाद्य म्हणण्यापेक्षा वाद्याची उत्प्रेक्षा म्हणणे योग्य. त्या काळच्या रचनाकारांनी ही उणीव झाकली नाही. उणिवेच्या मापाने चाल बेतली. ओवीच्या साडेतीन चरणांत बसते तेच सांगायचे, तसे आठ स्वरांत मावते तेच वाजवायचे.

आजचा रचनाकार हे नमुने घेतो तेव्हा त्याच्यापुढे जागेची अडचण नसते. तो शंभर स्वर एकावर एक रचू शकतो. तेथे जुन्या यंत्राचा रंग येतो, बंध येत नाही. ओवीची चरणरचना टाकून तिचे यमक तेवढे उचलावे, तसा हा प्रकार. आमचे मत असे की नमुन्यांबरोबर मर्यादाही उचलावी. निदान टाकली तर जाणून टाकावी.

दुसरा मुद्दा अधिक जवळचा. 1990च्या दशकात नागपुरातील बहुतेक मुलांनी अस्सल फॅमिकॉम पाहिलेही नव्हते. घरात येई तो ‘टीव्ही गेम’, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल. त्यात ‘कॅसेट’ खोचायची. बर्डीवरून तो डबा आणणे हा आमच्या पिढीच्या सुटीचा एक सोहळाच होता. अशा अनेक नकली यंत्रांत चौकोनी तरंगाच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे : जेथे पंचवीस टक्क्यांचा तरंग हवा तेथे पन्नासचा वाजे आणि उलटही. त्यामुळे सुराचा पोत पालटे. शिवाय जपानी दूरचित्रवाणीचा पडदा सेकंदाला सुमारे 60 वेळा रेखला जाई, आपल्या पाल पद्धतीचा 50 वेळा, आणि खेळातील संगीताची लय सहसा ह्याच आवर्तनांवर बांधलेली असे. परिणामी पाल पद्धतीच्या नकलांत पट्टी जवळजवळ तीच राहून लय सहाव्या हिश्श्याने मंदावे. कोजी कोंदो ह्यांनी 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी बांधलेली चाल अशा यंत्रांवर ऐकलेल्या कानांत वेगळ्या पोताची आणि विलंबित म्हणून राहिली.

आज नागपूरचा एखादा तरुण अस्सल जपानी यंत्रातून घेतलेले ‘शुद्ध’ नमुने वापरून रचना करतो आणि तिला आपल्या बालपणाचा सूर म्हणतो. तो सूर क्योतोच्या मुलाचा आहे. बर्डीच्या मुलाचा नव्हे.

ह्यावर आक्षेप येईल की यंत्रातील चूक ती चूकच. तिला पाठभेदाचा मान कशाला? पण पाठभेद तरी बहुधा कोठे जन्मतो? लेखनिकाच्या हस्तदोषातच. एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, ते कार्य मोठेच. तरीही 1909 साली वि. का. राजवाडे ह्यांनी आपल्याला मिळालेली निराळी प्रत छापली आणि अभ्यासकांना तिचा विचार करावाच लागला. लोकांच्या कानांत आणि मुखांत राहिलेला पाठ अशुद्ध ठरला तरी त्याचा इतिहास पुसला जात नाही. नकली यंत्रे परवान्याविना बनत, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांचा सूर अधिक चांगला होता, असाही आमचा दावा नाही. तो वेगळा होता आणि आपल्याकडचा होता, एवढेच.

परकी, बांधील स्वरांची वाद्ये आपल्याला नवीन नाहीत. श्रुती आणि मींड साधत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940पासून 1971पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले. तोवर मराठी रंगभूमीने ऑर्गन आणि पेटी आपलीशी करून टाकली होती. वाद्याची योग्यता शेवटी वादकांनी ठरवली. ह्या नमुन्यांचेही तसेच होईल, पण त्यासाठी नमुने हाती असले पाहिजेत. अस्सल यंत्रांचे स्वर जगभरच्या हौशी मंडळींनी जपून ठेवले आहेत. आपल्याकडचे डबे मात्र माळ्यावरून थेट भंगारात जात आहेत. ज्यांच्या घरी असे यंत्र अजून चालते त्यांनी त्याचे स्वर मुद्रित करून ठेवावेत आणि प्रतीची नोंद करतो तशी नोंद करावी : यंत्र कोणते, दूरचित्रवाणीची पद्धत कोणती, लय किती. पुढे रचनाकाराने शुद्ध पाठ घ्यावा की नागपुरी, ते त्याने ठरवावे. निवडण्यासाठी दोन्ही पाठ शिल्लक असावेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.